चार्ज कुणाकडे?

संपादकांनी या वर्षी विषय दिला, 'परतलेली माणसं'. परदेशातून परतलेल्यांवर आणि मुंबई सोडून गावी आलेल्यांवर लिहिणारे पुष्कळ असतील, म्हणून मी फौजेतून परतलेल्यांकडे वळलो. त्यातही सगळ्यांकडे नाही. निवृत्तीनंतर बँकेच्या दारावर किंवा कंपनीच्या गेटवर दुसऱ्यांदा गणवेश चढवणारे आपण रोज बघतो. मला बघायची होती ती घरच्या धंद्यात हात द्यायला आलेली माणसं. त्यांतली काही पूर्ण नोकरी करून येतात, तर काही मुदतीआधी अर्ज टाकून येतात.

त्यासाठी पेण-रोहा हा पट्टा बरा. रायगड जिल्ह्यात फौजेची वाट जुनी आहे. रोह्याच्या दक्षिणेला माणगाव तालुक्यात पळसगाव लागतं. १९४४ मध्ये इटलीत लढताना पडलेले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नायक यशवंत घाडगे तिथले. आणि पेण-रोह्यात घरगुती धंद्यांनाही तोटा नाही. पेणचे गणपतीचे कारखाने, पोह्यांच्या गिरण्या, घराघरांतले पापड, रोह्याच्या बाजारपेठेतली दुकानं आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीच्या आधाराने वाढलेले टेम्पो-ट्रकवाले. मुलगा फौजेत आणि बाप कारखान्यात, अशी घरं इथे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

अशा घरांबद्दल दोन वाक्यं ठरलेली असतात. एक, 'फौजी आला आणि धंद्याला शिस्त लागली.' दुसरं, 'फौजीला धंद्यातलं काय कळणार!' दोन्ही बाहेरून बोललेली आहेत. जवळून बघितलं की गाडं अडतं ते भलतीकडेच. फौजेत साधा स्टोअरमनसुद्धा बदली होताना हँडिंग-टेकिंग केल्याशिवाय जागा सोडत नाही. फावडी मोजून देतो, ब्लँकेटं मोजून देतो, घेणारा सही करतो, मग हा मोकळा होतो. घरच्या धंद्यात मात्र मुलाला बोलावून घेतात, पण चार्ज कुणी देत नाही.

वर्षाला एकच पगार

पनवेलहून रोह्याला जाणारी पॅसेंजर आपटा, जिते करत हमरापूरला थांबते, पुढचं स्टेशन पेण. या भागातली हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे ही गावं म्हणजे एक सलग कारखानाच आहे. भातखाचरांच्या कडेला प्लास्टिक आणि पत्र्याच्या शेड, आत ओळीने मांडलेले पांढरेफेक गणपती, अंगणात वाळत घातलेले सोंडेविना, हाताविना धडांचे ढीग. इथल्या शेकडो कारखान्यांतून वर्षाला लाखो मूर्ती बाहेर पडतात.

गणपती भाद्रपदात बसतो, पण कारखान्याचं वर्ष विसर्जनानंतर थोड्याच दिवसांत सुरू होतं. नवे नमुने मातीत घडवायचे, त्यावरून रबरी साचे काढायचे, जुने साचे दुरुस्त करायचे. प्लास्टर ऑफ पॅरिस राजस्थानातून येतं. त्यात काथ्या घालून साच्यात ओतलं की थोड्याच वेळात मूर्ती सुटते. शाडूचं तसं नाही. गुजरातेतून आलेली माती मळायची, साच्यात हाताने दाबायची, जोड बुजवायचे आणि ऊन मिळेल तितकं घ्यायचं, कारण पावसाळी हवेत ती वाळता वाळत नाही. मग घासकाम, सफेदी, अंगाचा रंग, पितांबर, सोनेरी काम आणि शेवटी आखणी. पेणच्या गणपतीचं नाव झालं ते या आखणीमुळे, म्हणजे डोळ्यांमुळे. कारखान्यात इतर सगळ्या कामांना माणूस मिळतो. आखणीचा हात मात्र जपावा लागतो.

या कामाचा पैसा कसा फिरतो हे कळलं, की फौजीची गरज कळते. प्लास्टर, माती, रंग, काथ्या यांचे पैसे दिवाळीपासून सुटायला लागतात. कारागिरांना उचल द्यावी लागते. काही कारखाने न रंगवलेल्या कच्च्या मूर्ती हिवाळ्यापासून राज्यभरच्या व्यापाऱ्यांना विकतात, काही उन्हाळ्याआधी अमेरिका, इंग्लंड, मॉरिशसकडे जाणारे कंटेनर भरतात, तेव्हा थोडी रक्कम हाती येते. पण मोठा पैसा श्रावण-भाद्रपदात, आणि त्यातलाही काही भाग व्यापाऱ्याकडे पुढच्या हंगामापर्यंत अडकतो. म्हणजे खर्च दर आठवड्याला आणि पगार वर्षाला एकच. मधल्या महिन्यांत घर चालवायचं कशावर? पूर्वी याचं उत्तर भात हे होतं. मग सावकार, पतपेढी, बँक आली. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले, ठेवीदारांचे पैसे अडकले आणि पेणच्या बाजारपेठेला कळलं की बँक हा आधारही कायमचा नसतो. ज्या घरातला एक जण फौजेत होता, त्या घरात मात्र महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर येत होती, पुढे ती थेट खात्यावर यायला लागली. कारखान्याच्या वहीत हा पैसा कुठेच दिसत नाही. तरी उचल द्यायला, किराणा भरायला तोच उपयोगी पडलेला असतो. मुलगा सीमेवर असतानाच धंद्यात आलेला असतो, तो असा.

सगळ्यांना रजा गणपतीतच हवी

सैनिकाला वर्षाची साठ दिवसांची वार्षिक रजा असते, वर तीस दिवसांची नैमित्तिक. आकडा ऐकून नागरी नोकरीतल्या माणसाला हेवा वाटेल. पण रजा आणि हवी तेव्हा रजा यांत फरक आहे. पलटणीतली ठरावीक माणसं कायम हजर असावी लागतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या एखाद्या पलटणीत कोकणातल्या, घाटावरच्या सगळ्यांनाच गणपतीला घरी जायचं असतं. मग पाळी लागते. या वर्षी ज्याला गणपती मिळाला, त्याला पुढच्या वर्षी शिमग्यावर समाधान मानावं लागतं. आणि ज्याच्या घरी गणपतीचा कारखाना आहे, त्याची पंचाईत दुहेरी. त्याला सणासाठी नव्हे, सणाच्या आधीच्या महिन्यासाठी रजा हवी असते. मूर्ती भरायला, टेम्पोत लादायला, मुंबईच्या मंडपापर्यंत पोचवायला माणूस तेव्हा लागतो. तो सणाला आला तर कारखाना रिकामा झालेला असतो आणि उरलेलं काम एकच, उधारी मागायचं.

आपल्याकडे फौज आणि घर यांचं वेळापत्रक असं नेहमीच भांडत नव्हतं. शिवकाळात सैन्य पावसाळ्यात छावणीला परतायचं आणि दसऱ्याला पुन्हा मुलूखगिरीवर निघायचं, हे सभासदाच्या बखरीत नोंदलेलं आहे. शेतीचा हंगाम आणि मोहिमेचा हंगाम एकमेकांना जागा देत. कंपनी सरकारने बाराही महिने पगारी फौज उभी केली तेव्हा ही सोय संपली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची सर्वांत जुनी पलटण १७६८ ची. तेव्हापासून घरी परतणं दर पावसाळ्याचं राहिलं नाही, ते आयुष्यात एकदाच करायचं काम झालं. साहजिकच ते कधी करायचं, या प्रश्नाला वजन आलं.

अर्जी

घरून फोन येतो त्याची कारणं ठरलेली. वडिलांना झटका आला, भाऊ वेगळा निघाला, आखणी करणारा जुना कारागीर स्वतःचा कारखाना टाकून बसला. फौजी मग कंपनीच्या सुभेदार साहेबांशी बोलतो आणि अर्जी लिहितो.

या अर्जीचा कायदा छोटा आणि स्पष्ट आहे. सैन्य नियम, १९५४ मधला तेरावा नियम जवानाला भरतीची मुदत पुरी होण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून मुक्त करण्याची सोय देतो. मंजुरी कमांडिंग ऑफिसर देतात. त्यांनी दोन गोष्टींची खात्री करायची: कारण रास्त आहे का, आणि माणूस गेल्याने युनिटचं संख्याबळ वाजवीपेक्षा कमी तर होत नाही ना. म्हणजे घरची अडचण कितीही खरी असली तरी तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पलटण असतेच. घरची परिस्थिती खरी आहे की नाही याची चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होऊ शकते. रायगडचं कार्यालय अलिबागला आहे. त्या चौकशीत आजारपण लवकर पटतं, कारण त्याला कागद असतो. 'कारखाना सांभाळायला माणूस नाही' हे कारण कागदावर आणणं अवघड.

मग येतो पंधराचा आकडा. जवानाला सेवा-निवृत्तिवेतन मिळण्यासाठी पंधरा वर्षांची नोकरी लागते, अधिकाऱ्याला वीस. चौदाव्या वर्षी बाहेर पडलेल्या जवानाला एकरकमी उपदान मिळतं, महिन्याची पेन्शन नाही. त्यामुळे या भागातल्या घरांत तेराव्या-चौदाव्या वर्षी आलेली अडचण कशीबशी पंधराव्यापर्यंत रेटली जाते. धाकटी सून कारखान्यात बसते, मेव्हणा टेम्पो चालवतो, एखाद्या वर्षी मूर्ती कमी काढतात. पेन्शनचा आधार घरी यावा म्हणून फौजीने पलटणीत काढलेली ही दोन वर्षं घरात कुणी मोजत नाही. बाकीच्यांनी त्याच्या पेन्शनसाठी काढलेली ती दोन वर्षंही तो मोजत नाही. पुढची अर्धी भांडणं या दोन न मोजलेल्या गोष्टींतून उगवतात.

आणखी एक गाठ २०१५ मध्ये पडली. वन रँक वन पेन्शनच्या त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या आदेशात अट आली की यापुढे स्वतःच्या विनंतीवरून मुदतीआधी बाहेर पडणाऱ्यांना हा लाभ मिळणार नाही. अटीवरून वाद झाला, तो न्यायाधिकरणापर्यंत गेला. पण घरच्या धंद्यासाठी लवकर येणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न राहिला: मी आज सोडलेली दोन-चार वर्षं मला जन्मभर किती महागात पडतील?

गेट की गिरणी

पेणहून पुढे कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा. कोकण रेल्वे इथून सुरू होते. या मार्गावर फौजीला खुणावणारी दुसरी वाटही खिडकीतून दिसते. पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना, रोहा तालुक्यात नागोठण्याचा पेट्रोकेमिकल्सचा, आणि रोह्याला लागून धाटावची रासायनिक वसाहत. या सगळ्यांना सुरक्षारक्षक लागतात आणि माजी सैनिकाला पहिली पसंती असते. पुण्याचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, हेच काम पुरवतं. राज्य शासनाच्या गट क आणि गट ड च्या पदांतही माजी सैनिकांना पंधरा टक्के आरक्षण आहे. गेटची नोकरी म्हणजे आठ तास, ठरलेला पगार, ओळखीचा सॅल्यूट. घरी आल्यावर कुणाची उधारी नाही, कुणाची उचल नाही.

त्या तुलनेत घरची गिरणी बघा. पेणचे पोहे प्रसिद्ध आहेत, आणि दिवाळी जवळ आली की चिवड्यासाठी त्यांना मागणी येतेच. भात भिजवायचं, भट्टीत भाजायचं, गरम असतानाच चेपायचं, चाळायचं. कृती साधी दिसते, पण भात किती वेळ भिजवायचं आणि भट्टीतून कधी काढायचं यात सगळं आलं. जरा कमी भाजलं तर पोहा चिकटतो, जास्त भाजलं तर तुटतो. गणपतीपेक्षा इथे पैसा लवकर फिरतो, पण भात कापणीनंतर स्वस्त असतं तेव्हाच वर्षाचं भरून ठेवावं लागतं. म्हणजे ऐन दिवाळीच्या पुढेमागे लाखाची रक्कम गोणीत अडकते. गेटवरच्या माणसाला रात्री झोप लागते. गिरणीवाला पावसाळ्यात मध्यरात्री उठून गोण्यांना ओल लागली का बघतो.

तरी काही जण गिरणी निवडतात. पैशापेक्षा वेगळं कारण त्यात असतं. वीस वर्षं दुसऱ्याच्या हुकमावर काढल्यावर आपल्या नावाच्या पाटीखाली उभं राहावंसं वाटतं. रोह्यासारख्या गावात गणवेशाला मानही आहे. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, ही प्रथा इंग्रजी अमलापासून चालत आली आहे. जिथे देवालाही सलामी मिळते, तिथे सलामी देणारा हात गल्ल्यावर बसला तर दुकानाची पत वाढते. व्यापारी उधार द्यायला कमी कचरतो, कारण या माणसाची पेन्शन दर महिन्याला बँकेत जमा होणार हे त्याला ठाऊक असतं.

पेन्शन नावाचं भांडवल

शिस्तीबद्दल बोलणारे नेमकं हेच विसरतात. परतलेला फौजी धंद्यात सर्वांत आधी आणतो ती रक्कम. निवृत्त होताना त्याला उपदान मिळतं, भविष्यनिर्वाह निधी मिळतो, सैन्याच्या गटविम्याचे पैसे मिळतात. शिवाय पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग आगाऊ एकरकमी घेता येतो. कापलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत होतो. या रकमेतून शेडवर पक्कं छप्पर येतं, गिरणीला नवी मोटर येते, जुन्या टेम्पोच्या जागी नवा येतो. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे 'एका हंगामापुरते' म्हणून प्लास्टरच्या पोत्यांत जातात, तेही यातूनच.

सरकारी योजना मात्र या माणसाला भलत्याच दारातून आत घेतात. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात माजी सैनिक विशेष प्रवर्गात मोडतो. ग्रामीण भागात त्याला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे आणि स्वतःचे फक्त ५ टक्के घालावे लागतात. पण उद्योग नवा हवा. बापाचा तीस वर्षं चाललेला कारखाना यात बसत नाही. मग शेजारच्या तुकड्यावर मुलाच्या नावाने दुसरा कारखाना उभा राहतो, एकाच घरात दोन पाट्या लागतात. २०२३ मध्ये आलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत मूर्तिकारांचा समावेश आहे, पण सरकारी नोकरीत असलेला माणूस आणि त्याचं कुटुंब अपात्र ठरतं. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. नवरा पलटणीत असताना आखणी करणारी बायको हातात कला असून योजनेबाहेर राहते.

पेन्शनचं खरं मोल वाईट वर्षात कळतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. पेणची झोप उडाली ती ३० जानेवारी २०२५ ला, जेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं. जानेवारीअखेर म्हणजे कारखान्यांत कच्च्या मूर्तींच्या राशी लागलेल्या, उचल वाटून झालेली, साहित्याचे पैसे गेलेले. जूनमध्ये तज्ज्ञांच्या अहवालानंतर मूर्ती घडवायला मुभा मिळाली, विसर्जनावरची बंधनं राहिली. मधले चार महिने व्यापारी मागणी नोंदवायला धजत नव्हते. ज्या घरात पेन्शन येत होती त्या घराने ते महिने निभावले, कारागीर टिकवले. ज्या घरात नव्हती त्याने व्याजाने पैसे उचलले. कलेच्या या गावात कोण टिकलं याचा निकाल काही अंशी लष्कराच्या पेन्शन विभागाने लावला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

पहिला हंगाम

पैसा आला, माणूस आला. पुढे काय?

पहिल्या सकाळी तो सहाला कारखान्यात हजर असतो आणि बाकी कुणी नसतं. कारागीर नगावर काम करतो. तो दहाला आला काय आणि रात्री बसला काय, मूर्तीमागे पैसे घेतो. त्याला रोल कॉल लावून उपयोग नाही. जास्त बोललं तर उचलीसकट शेजारच्या शेडमध्ये जातो, आणि शेजारी त्याची वाटच बघत असतो. फौजेत माणूस आपल्याला सोडून जात नाही. इथे तो सहज जातो. हा पहिला धडा.

दुसरा धडा ज्ञानाचा. रंगात तेल किती, कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती सोंड चालते, कोणाच्या घरून पिढ्यान्‌पिढ्या पाट येतो आणि त्याला भाव सांगायचा नसतो, कोणता व्यापारी विसर्जनानंतर फोन उचलत नाही, हे सगळं वहिनीला माहीत असतं. कारण तो नव्हता ती पंधरा-वीस वर्षं कारखाना वहिनीने, धाकट्या भावाने, त्याच्या स्वतःच्या बायकोने चालवलेला असतो. नोकरीत असताना जवानाला स्वतः धंदा करता येत नाही, म्हणून बँकेतलं खातं बऱ्याचदा बायकोच्या किंवा वडिलांच्या नावावर असतं. परतल्यावर व्यापारी नमस्कार त्याला करतो, निर्णय त्याला विचारतो, आणि उत्तर द्यायला तो मागे वळून बायकोकडे बघतो. हवालदार किंवा सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस आपल्याच घरात रंगरूट होतो. ज्याला हे मान्य करता आलं त्याचा पहिला हंगाम निभावतो. ज्याला नाही, तो पुढच्या दिवाळीला डोलवीच्या गेटवर अर्ज देतो.

फौजीकडे शिकवण्यासारखंही असतं, पण ते शिस्तीच्या भाषणात नाही. सैन्यात प्रत्येक जण केवळ बंदूक चालवत नाही. सेवा कोरचा ड्रायव्हर, ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या कोरचा मेकॅनिक, खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये घडलेला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन, स्टोअरचा कारकून, यांचं कसब सरळ उपयोगी पडतं. गिरणीची मोटर घरच्या घरी दुरुस्त होते. दहा फुटी मूर्ती टेम्पोत कशी बांधली म्हणजे वडखळच्या खड्ड्यांत हात तुटणार नाही, हे ज्याने डोंगरी रस्त्यावर सामान नेलं आहे त्याला लवकर समजतं. आणि स्टोअरचा माणूस असेल तर तो सर्वांत अप्रिय काम करतो: साठा मोजतो. किती पोती आली, किती मूर्ती सुटल्या, किती तुटल्या, कोणाकडे किती उधारी. वर्षानुवर्षं डोक्यात ठेवलेला हिशेब कागदावर उतरतो आणि घरात पहिल्यांदाच कळतं की नफ्याची मूर्ती कोणती आणि केवळ हौसेची कोणती. वडिलांना ही मोजणी अविश्वासासारखी वाटते. त्यांचंही चुकत नाही, कारण त्यांच्याकडून आजवर कुणी हिशेब मागितलेला नसतो.

फौज सोडून धंद्यात गेलेल्यांच्या मोठ्या कथा आपण वाचतो. कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर १९५१ मध्ये लष्कर सोडून सासऱ्यांच्या कन्नूरच्या हातमागाच्या धंद्यात शिरले आणि पुढे मुंबईत त्यांनी पत्नीच्या नावाचं 'लीला' हॉटेल उभं केलं. कॅप्टन गोपीनाथ १९७९ मध्ये बाहेर पडून कर्नाटकातल्या हासनजवळ, धरणात गेलेल्या वडिलोपार्जित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या जमिनीवर शेती करायला गेले, त्यांची विमान कंपनी नंतरची. या कथांत माणूस जुन्यातून निघून स्वतःचं नवं उभारतो. पेण-रोह्यातला हवालदार जुन्यातच राहतो, तिथे आधीपासून तीन माणसं बसलेली असतात, आणि चौथी खुर्ची कुठे टाकायची हे ठरलेलं नसतं. त्याची कथा छापून येत नाही. मला मात्र ती जास्त अवघड वाटते.

चार वर्षांनी परतणारे

आता यात नवी पिढी येते आहे. १४ जून २०२२ ला अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वर्षांचा मुलगा 'अग्निवीर' म्हणून चार वर्षांसाठी भरती होणार, त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलांना कायम केलं जाणार, बाकीचे सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये घेऊन घरी येणार. पेन्शन नाही, उपदान नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात.

कारखान्याच्या दृष्टीने हिशेब उलटा होतो. आजवर फौजी चाळिशीच्या आसपास यायचा. हात उशिरा मिळायचे, पण पेन्शन जन्मभराची. आता बावीस-तेवीसचा तरुण येईल. आखणी शिकायला वय हाताशी आहे, आईवडील अजून कामात आहेत, धंदा समजून घ्यायला वेळ आहे. पण महिन्याचा आधार नाही. आणि एकरकमी अकरा लाख आणि वर्षाला एकच पगार देणारा धंदा एकत्र आले की काय होतं, हे या गावांना पाठ आहे: रक्कम पहिल्याच दिवाळीला साहित्यात जाते. भाद्रपद चांगला गेला तर ठीक. न्यायालयाचा एखादा आदेश किंवा पुराचं पाणी आडवं आलं तर चार वर्षांची कमाई एका हंगामात संपते. पेणला भोगावती आणि रोह्याला कुंडलिका या दोन नद्यांच्या काठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

सही करून द्या, सही करून घ्या

हिंडून, बघून, कागद वाचून माझं मत झालं ते असं. फौजीला घरी कधी आणायचं याची चर्चा घराघरांत वर्षानुवर्षं होते. तो आल्यावर त्याच्याकडे काय सोपवायचं, याची एक संध्याकाळही होत नाही. त्याने घातलेला पैसा भांडवल की मदत? भांडवल असेल तर वाटा किती? वहिनीने आणि बायकोने जी वर्षं काढली त्यांची किंमत कोणत्या नावावर? व्यापाऱ्याशी बोलणार कोण, कारागिराला उचल देणार कोण, आणि दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा? 'घरात कसले कागद' असं म्हणून हे प्रश्न टाळले जातात आणि मग बाप गेल्यावर तेच प्रश्न तलाठ्याकडे आणि वकिलाकडे जातात.

परतलेल्या माणसाकडे या दुखण्यावरचं औषध असतं आणि ते त्याने वीस वर्षं रोज वापरलेलं असतं. विसर्जनानंतरचा पंधरवडा कारखान्यात निवांत असतो. तेव्हा घरच्या सगळ्यांनी बसावं, साचे मोजावेत, उधारीची यादी करावी, देणी लिहावीत, भागीदारीचा साधा करार करून त्यात बायकांची नावं घालावीत आणि कोणतं काम कुणाच्या जबाबदारीचं ते लिहून खाली सह्या कराव्यात. वडिलांचा मान त्याने कमी होत नाही. सुभेदार मेजरसुद्धा चार्ज देऊनच घरी जातो. अग्निवीराच्या बाबतीत तर ही बैठक तो परतण्याआधी, त्याच्या शेवटच्या रजेतच व्हायला हवी, आणि त्या अकरा लाखांतले किती धंद्यात घालायचे आणि किती हातही लावायचे नाहीत, ते तिथेच ठरायला हवं. फौजेने माणूस परत पाठवला की तिचं काम संपतं. घराचं काम तिथून सुरू होतं, आणि ते नुसत्या ओवाळणीने भागत नाही.